वैमानिकाची पेटी आणि वैमानिकाचे कान

इ. स. १८०३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेस, आजच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशीं जनरल वेलस्लीच्या फौजेची गांठ पडली. या लढाईंतील तोफा, पलटणी आणि जयापजय यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तींतील दोन लहान गोष्टींकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पहिली ही कीं, लढाईस तोंड लागण्यापूर्वीं वेलस्लीनें आपलें सारें सामानसुमान मागें पहाऱ्यांत ठेवून दिलें व लढण्यास लागेल तेवढेंच बरोबर घेतलें. दुसरी ही कीं, त्याच्या उजव्या बगलेवरील ऑरॉक नांवाच्या अधिकाऱ्यानें हुकमाचा अर्थ चुकीचा घेतला. तो आपल्या तुकडीसह सरळ असईच्या तोफांच्या तोंडीं गेला, आणि त्याच्या मागोमाग गेलेल्या ७४ व्या पलटणीची भयंकर हानि झाली.

बरोबर काय न्यावें, आणि हुकूम नीट कसा ऐकूं यावा, हे ते दोन प्रश्न होत. विमान कंपनींत नव्यानें रुजूं होणाऱ्या तरुण वैमानिकापुढेंही आरंभींच हेच दोन प्रश्न येऊन उभे राहतात. पेटी कोणती घ्यावी आणि हेडसेट कोणता घ्यावा, अशा अगदीं घरगुती खरेदीच्या रूपानें ते येतात, एवढाच फरक. या दोन साध्या वस्तूंच्या मागें विमानविद्येचा जवळजवळ सारा इतिहास उभा आहे.

जालन्याचा दूरच्या प्रवासाशीं संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद व जालना या मार्गानें गोदावरीच्या खोऱ्यांतील मीटरगेज रेल्वे हैदराबादकडे गेली. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यानें १९३० मध्यें आपली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली, १९३२ मध्यें त्याच खात्यामार्फत मोटारगाड्या सुरू केल्या, आणि १९४५ मध्यें टाटांच्या भागीदारींत 'डेक्कन एअरवेज' ही विमान कंपनी स्थापन केली. १९५३ मध्यें विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. त्याला जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा. आजच्या छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे येणाऱ्या रस्त्यावरच तो आहे.

डेक्कन एअरवेजच्या नांवाशीं आणखी एक गोष्ट निगडित आहे. प्रेम माथुर यांनीं १९४७ मध्यें विमान चालविण्याचा व्यावसायिक परवाना मिळविला. त्या स्त्री आहेत म्हणून अनेक कंपन्यांनीं त्यांना नकार दिला. अखेर त्यांना सहवैमानिक म्हणून घेतलें तें याच हैदराबादच्या कंपनीनें. पुढें १९८५ मध्यें कॅप्टन सौदामिनी देशमुख व त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन यांनीं कलकत्ता ते सिल्चर हें उड्डाण केवळ स्त्रियांच्या हातीं सुकाणूं ठेवून पार पाडलें.

या देशांत नियमित हवाई टपाल सुरू झालें तेव्हां वैमानिकास ऐकावयाचें असें कांहींच नव्हतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा एक इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्याजवळ बिनतारी यंत्र नव्हतें. जवळ होती ती सुमारें २५ किलो टपाल, डोळ्यांवरचा चष्मा आणि हिशेबाची सरकपट्टी. मार्गदर्शक म्हणजे खालची जमीन आणि स्वतःची नजर.

बिनतारी विमानांत शिरली आणि डोळ्यांच्या जोडीला कान आले. कानांवर बसणारें श्रवणयंत्र अमेरिकेंतील युटा प्रांतांतल्या नॅथॅनिएल बाल्डविननें १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत तयार करून आरमाराकडे पाठविलें होतें. उघड्या विमानांच्या काळांत हींच यंत्रें वैमानिकाच्या चामडी टोपींत शिवलीं गेलीं. डकोटा विमानांत संदेश घेण्यादेण्यासाठीं बहुधा स्वतंत्र बिनतारी कामगार असे. दोन्ही बाजूंस बारा बारा शें अश्वशक्तींचीं इंजिनें घरघरत असतां त्या गोंगाटांतून संदेशाची बारीक टिकटिक वेंचून काढणें हें त्याचें कौशल्य होतें.

त्या कौशल्याची किंमत कान देत असत. ध्वनीची पातळी ३ डेसिबेलनें वाढली कीं त्याची शक्ति दुप्पट होते. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसास ८ तास सोसतां येतो असें मानलें, तर ८८ डेसिबेलचा ४ तासच सोसावा, असा हिशेब आरोग्यशास्त्रज्ञ घालतात. कानाच्या आंतल्या शंखांत केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या पेशी असतात. त्या एकदां नष्ट झाल्या कीं माणसाच्या आयुष्यांत पुन्हा उगवत नाहींत. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणींत श्रवणशक्तीची परीक्षा असते. म्हणजे कान गेले कीं धंदाही जाण्याची भीति.

गोंगाटावर उपाय दोन. एक, कान जाड गादीच्या वाटीनें घट्ट झांकणें. यानें उंच पट्टीचे आवाज चांगले अडतात, पण इंजिनाची खालच्या पट्टीची घरघर आंत येतच राहते. दुसरा उपाय अधिक चतुराईचा आहे. येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर उत्पन्न करावी, म्हणजे शिखराच्या जागीं दरी येऊन दोन्ही एकमेकींस गिळून टाकतात. ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञानें मांडली व तिचें अमेरिकन एकस्व त्याला १९३६ मध्यें मिळालें. पण ती अमलांत आणण्यास लागणारीं जलद यंत्रें त्या काळीं नव्हतीं. १९७८ मध्यें एका विमानप्रवासांत कानाशीं लावलेल्या यंत्रांतून गोंगाटावांचून कांहीं ऐकूं येईना, म्हणून अमर बोस यांनीं बसल्या जागींच त्याचें गणित मांडलें. बंगालमधून परागंदा झालेल्या एका क्रांतिकारकाचा हा मुलगा अमेरिकेंत प्राध्यापक होता. १९८६ मध्यें इंधनासाठीं कोठेंही न उतरतां पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'व्हॉयेजर' विमानांतील दोघां वैमानिकांनीं त्यांचें प्रायोगिक यंत्र वापरलें, आणि १९८९ पासून तें बाजारांत मिळूं लागलें.

नीट न ऐकल्याचा परिणाम काय होतो, हें १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळीं दिल्लीच्या पश्चिमेस चरखी दादरीच्या आकाशांत दिसलें. कझाकस्तानच्या विमानास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती; सौदी अरेबियाचें विमान १४,००० फुटांवर होतें. कझाक विमानांत संभाषण करीत होता तो बिनतारी कामगार. उंचीचें यंत्र त्याच्यापुढें नव्हतें, आणि वैमानिकांचें इंग्रजी तोकडें होतें. विमान ठरल्या उंचीच्या खालीं उतरलें व दोन्ही विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें प्राणास मुकलीं. ज्याच्या हातीं सुकाणूं त्याच्याच कानीं आज्ञा स्पष्ट पडली पाहिजे, हा त्या अपघाताचा धडा होय.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे हेडसेटची निवड ही हौसेची बाब राहत नाहीं. पंख्याच्या विमानांत गोंगाट अधिक. तेथें जड, घट्ट बसणारा व गोंगाट मारणारा हेडसेटच हवा. मोठ्या जेट विमानाची चालककोठडी त्या मानानें शांत. तेथें सहा तास डोक्यावर राहूनही कपाळ न दुखविणारा हलका हेडसेट बरा. विमानाविमानाप्रमाणें जोडणीची खुंटीही निराळी असते. कंपनी कोणतें विमान देणार हें कळण्यापूर्वीं महाग हेडसेट घेणारा पुष्कळदां फसतो. शिवाय विजेची बॅटरी संपली असतां यंत्र निदान साध्या हेडसेटसारखें चालतें कीं नाहीं, हेंही पाहून घ्यावें.

पेटीचा इतिहास याहून साधा, पण तितकाच बोलका. एल्रे जेपेसन हा अमेरिकन टपाल वैमानिक दहा सेंटांच्या वहींत धांवपट्ट्यांची लांबी, वाटेंतील डोंगरांची उंची, मनोरे आणि शेतकऱ्यांचे दूरध्वनि क्रमांक टिपून ठेवीत असे. सोबती त्या टिपणांच्या नकला मागूं लागले, तेव्हां १९३४ मध्यें त्यानें ती वही विकावयास काढली. तिचा विस्तार होतां होतां वैमानिकाच्या हातीं नकाशांनीं ठासलेली चौकोनी चामडी पेटी आली. एका मोठ्या अमेरिकन कंपनींत तिचें वजन सुमारें १६ किलो भरे. २०१३ पर्यंत तिची जागा पाटीएवढ्या टॅब्लेटनें घेतली. कपड्यांची पेटीही वैमानिकानेंच सुधारली. रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें १९८७ मध्यें उभ्या पेटीस दोन चाकें व लांब दांडा बसविला. आज विमानतळावर प्रत्येक प्रवासी जी पेटी ओढतो, ती मूळची वैमानिकांची.

नकाशांचें ओझें गेलें तरी पेटींत कांहीं गोष्टी असावयाच च लागतात: परवाना, वैद्यकीय दाखला, पारपत्र, विजेरी, आणि चष्मा लावणाऱ्यास जास्तीचा एक चष्मा. एका मुक्कामाचे कपडे यांत बसले कीं पेटी पुरे. चार चाकांची पेटी गुळगुळीत फरशीवर सुरेख चालते, पण उतारावर आपोआप पळते. दोन मोठ्या चाकांची पेटी खडबडीत वाटेवर अधिक टिकते. पेटी घेतांना दांडा व चाकें बदलून मिळतात कीं नाहीं, एवढें विचारलें म्हणजे झालें.

जालन्यासारख्या गांवांतून वैमानिक होऊं पाहणाऱ्या मुलाच्या शिक्षणापायीं घरचें शेत किंवा दागिना गहाण पडलेला असूं शकतो. पहिला पगार हातीं येतो तेव्हां भारी पेटीचा मोह होतो, कारण पेटी चारचौघांना दिसते. कान कोणासच दिसत नाहींत. पेटीचें चाक मोडलें तर कोपऱ्यावरचा कारागीर तें बसवून देतो. कानांचा कारागीर अजून जन्माला यावयाचा आहे. म्हणून पैसा थोडा असेल तर तो आधीं कानांवर खर्च करावा, आणि उरेल त्यांत पेटी घ्यावी.