न ठेवलेले यंत्र : एरियन-५ च्या चाचण्यांचा इतिहास

४ जून १९९६ रोजी सकाळी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचा नवा अग्निबाण एरियन-५ पहिल्यांदा उडाला. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठी बनवलेले ‘क्लस्टर’ मालिकेतले चार उपग्रह त्यात होते. उड्डाणाचा क्रम सुरू होऊन सुमारे ४० सेकंद झाली असतील, तोच ३,७०० मीटरच्या आसपास तो मार्ग सोडून कलला, मोडला आणि फुटला. त्याचे अवशेष दलदलीत आणि गवताळ रानात सुमारे १२ चौरस किलोमीटरवर विखुरले.

ही गोष्ट सहसा एका वाक्यात सांगतात : मोठी संख्या लहान जागेत कोंबली गेली. प्रोग्रामरच्या निष्काळजीपणाचा धडा म्हणून मीही ती तशीच ऐकली होती. गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा १९ जुलै १९९६ चा अहवाल वाचल्यावर मात्र ही मांडणी मला अपुरी वाटू लागली. अहवालात चाचण्यांवर स्वतंत्र विभाग आहे. माझ्या मते या अपघाताचा इतिहास तिथून वाचायला हवा.

आधी तांत्रिक बाजू थोडक्यात. अग्निबाणाची दिशा आणि गती मोजणारी दोन यंत्रे त्यात होती, एक चालू आणि एक राखीव. त्यांचे नाव एसआरआय. दोहोंत एकच सॉफ्टवेअर होते आणि त्याचा बराचसा भाग एरियन-४ वरून उचललेला होता. उड्डाणापूर्वी यंत्राची जुळणी करणारा एक हिशेब त्यात होता. एरियन-४ ची उलटी गणती शेवटच्या क्षणी थांबली, तर सगळी जुळणी पुन्हा करावी लागू नये, म्हणून तो हिशेब उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवत. एरियन-५ ला त्याचा काहीच उपयोग नव्हता, तरी तो चालूच राहिला. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्याच्या पाचपट झपाट्याने वाढत होता. त्याच्याशी निगडित संख्या १६ बिटांच्या, म्हणजे ३२,७६७ च्या मर्यादेत मावली नाही. आधी राखीव यंत्र बंद पडले, पाठोपाठ चालू यंत्रही. त्याने पाठवलेला बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वापरला आणि इंजिनांची नॉझल टोकापर्यंत वळवली.

हे जमिनीवर का दिसले नाही? चाचण्यांच्या दोन पायऱ्या होत्या. पहिली एकट्या यंत्राची. यंत्र फिरत्या टेबलावर ठेवून आणि उड्डाणात अपेक्षित असलेल्या त्वरणाचे कृत्रिम संकेत देऊन ही उणीव पकडता आली असती. पण यंत्राच्या मागणीपत्रात एरियन-५ च्या मार्गाचे आकडेच घातलेले नव्हते. जे मागितले नाही, ते तपासलेही गेले नाही.

दुसरी पायरी संपूर्ण व्यवस्थेची. त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी होती. एसआरआय तिथे ठेवण्याचा मूळ विचारही होता. मग ठरले की त्याच्या जागी त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर चालेल. त्याला कारणे होती : यंत्र आधीच्या पायरीत उत्तीर्ण झालेले होते, ते जोडले तर प्रयोगाच्या अचूकतेला बाधा येण्याचा संभव होता, आणि बिघाडाचे काही प्रकार नकलेवरच घडवून पाहता येत होते. यांतले एकही कारण मूर्खपणाचे नाही. तरीही नक्कल ही यंत्राने काय करावे या अपेक्षेवरून बनते; अपेक्षेतच जे राहून गेले, ते नकलेत कुठून उतरणार? पहिल्या पायरीने दुसरीवर विसंबावे आणि दुसरीने पहिलीवर, असे झाले. मधली जागा कोणाचीच नव्हती.

अपघातानंतर यंत्राचे खरे सॉफ्टवेअर संगणकावर चालवून त्याला उड्डाणाच्या मार्गाचे आकडे दिले, तेव्हा बिघाडाची अख्खी साखळी जशीच्या तशी घडली. हाच प्रयोग अपेक्षित आकड्यांवर आधी करता आला असता. तंत्र हाताशी होते. त्याची जुळवाजुळव आराखड्यात नव्हती.

म्हणून दोष एका ओळीचा मानणे मला पटत नाही. संख्येला संरक्षण न देण्याचा निर्णयसुद्धा, अहवालानुसार, प्रकल्पातील भागीदारांनी अनेक पातळ्यांवर मिळून घेतलेला होता. मंडळाच्या शिफारशींत चाचणी-सुविधेचा क्रमांक दुसरा आहे : शक्य तितकी खरी यंत्रे जोडा, खऱ्यासारखे आकडे द्या आणि प्रत्येक मोहिमेपूर्वी संपूर्ण उड्डाण जमिनीवर घडवून पाहा.

पुढचे एरियन-५ ३० ऑक्टोबर १९९७ रोजी उडाले. ‘क्लस्टर’चे चार नवे उपग्रह २००० साली रशियन सोयुझमधून बायकोनूरहून अवकाशात गेले. ज्या शास्त्रज्ञांनी पहिल्या चौघांसाठी उमेदीची वर्षे घातली होती, त्यांना त्यासाठी चार वर्षे थांबावे लागले.