राखेची घासणी आणि साबणाचें पाणी

हिंगोलीचें नांव निघालें कीं इतिहासाच्या अभ्यासकास हैद्राबाद कंटिंजंटची छावणी आठवते आणि भाविकास औंढ्याचा नागनाथ व नरसीचे नामदेवराय आठवतात. घराच्या मागील दारीं, मोरीच्या कडेला, रोज दोन वेळां जें काम चालत आलें त्याची बखर मात्र कोणाच्या हातीं दिसत नाहीं. भांडीं घासणें हें तें काम होय. विषय क्षुद्र वाटेल; परंतु ज्यांत पिढ्यान् पिढ्या बायकांच्या आयुष्याचा एवढा वांटा खर्चीं पडला, त्या कामास क्षुद्र म्हणण्याचा अधिकार, ज्यांनीं कधीं स्वतःचें ताटहि विसळलें नाहीं अशा आम्हां पुरुषांस कितपत आहे?

जुन्या पद्धतीचें साहित्य चुलीपाशींच मिळे: राख, नारळाची शेंडी आणि तांब्यापितळेसाठीं चिंच. लांकडाच्या राखेंत पोटॅशियम कार्बोनेट नांवाचा क्षार असतो. ओली राख तेलकट भांड्यावर चोळली म्हणजे तेलाचा अल्पसा भाग तेथल्या तेथेंच साबण बनतो; उरलेलें काम राखेचे बारीक कण करितात. चिंचेचें कार्य निराळें. तिच्यांतील आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवितें, तेलाचें तें कांहीं करूं शकत नाहीं. राखेच्या जागीं चिंच चालत नाहीं, हें घरांतील पोरीसोरींनाहि रसायनशास्त्र न शिकतां ठाऊक असे.

साबणाचें मर्म युरोपांत शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२३ च्या आपल्या ग्रंथांत उलगडलें. त्याचा रेणु दुतोंड्या आहे असें म्हटलें तरी चालेल. एक टोंक पाण्याशीं सख्य करितें, दुसरें तेलाशीं. तेलाच्या थेंबांत शेंकडों रेणु आपलें एक टोंक खुपसून बसतात, दुसरीं टोंकें बाहेर राहतात, आणि पाणी तो थेंब उचलून नेतें. परंतु काळ्या पाषाणाच्या आमच्या मुलुखांत विहिरींचें पाणी पुष्कळदां जड असतें. त्यांतील चुन्याच्या क्षारांनीं साबण नासतो व फेसाऐवजीं सायीसारखे कण तरंगतात. पहिल्या महायुद्धांत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हां जर्मनांनीं चरबीवांचून धुण्याचें कृत्रिम द्रव्य शोधलें. आज बाटलींतून येणारा द्रव बहुधा त्याच कुळींतला आहे. तो साबण नव्हेच, म्हणून जड पाण्यांत सहसा नासत नाहीं. त्याचे दोन थेंब आरशासहि चालतात, लोंकरीच्या वस्त्रासहि चालतात.

वसमत ही हळदीची पेठ. तिकडच्या गृहिणीस एक चमत्कार नित्य दिसतो. हळदीच्या डागावर साबण लावतांच डाग लाल होतो. साबणांतील क्षाराचा हा गुण. हळदीपासून कुंकू करतांना चुन्याचा वा टांकणखाराचा उपयोग होतो तो याच न्यायानें. बाटलींतला द्रव बहुधा क्षारधर्मी नसल्यानें तेथें रंग पालटत नाहीं. उरलेला पिवळेपणा उन्हांत टाकला असतां विरतो, कारण हळदीचा रंग प्रकाशापुढें टिकत नाहीं.

मोरींतील निरीक्षण शास्त्रांत जाऊं शकतें कीं नाहीं? आग्नेस पोकेल्स ही जर्मन कुमारिका ब्राउनश्वाइग येथें घर सांभाळीत असे. स्त्रियांस विद्यापीठाचें दार बंद होतें. तिचा भाऊ मात्र पदार्थविज्ञान शिकला. भांडीं धुतांना पाण्याच्या पृष्ठावर पडणाऱ्या तवंगाचें तिला कुतूहल वाटे. पत्र्याचें पसरट पात्र, सरकती पट्टी आणि एक लहानसें बटण, एवढ्या सामग्रीवर तिनें पृष्ठताण मोजला. १८९१ मध्यें तिनें लॉर्ड रॅले यांस पत्र लिहिलें. त्यांनीं तें ‘नेचर’ मध्यें छापविलें. पुढें याच मार्गानें जाणाऱ्या लँगम्यूर यांस १९३२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या मातोश्री राख नेहमीं चाळून घेत. लहानपणीं आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाल्या, ‘‘खडा राहिला तर ताटावर ओरखडा उठतो, बाळा.’’ हिंवाळ्यांत त्यांच्या बोटांच्या भेगांत तीच राख बसे. राख भांड्याचें तेल नेते तसें कातड्याचेंहि नेते. रात्रीं निजण्यापूर्वीं त्या समईंतलें थोडें तेल हातांस चोळीत.