योआखिम्सथालच्या खाणींतील टाकाऊ चोथा

नाणीं जमविणाऱ्यांस योआखिम्सथाल हें नांव अपरिचित नसावें. बोहेमियांतील हें गांव इ. स. १५१६ मध्यें रुप्याच्या खाणीपायीं वसलें. श्लिक घराण्यानें तेथें पाडलेल्या नाण्यास ‘थालर’ म्हणूं लागले व ‘डॉलर’ हा शब्द त्यावरूनच निघाला. रुपें खणतांना एक काळा, जड दगड लागे. डांबरासारख्या वर्णामुळें त्यास ‘पेखब्लेंड’ म्हणत व निरुपयोगी म्हणून फेकून देत.

युरेनियमचा शोध याच गांवच्या दगडांत लागला, असा समज कोठें कोठें आढळतो. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मार्टिन क्लापरोट यानें १७८९ मध्यें बर्लिन येथें जाहीर केलेल्या शोधाचा दगड सॅक्सनींतील योहानगेऑर्गेनश्टाट येथील होता. शिवाय, त्यास जो धातु वाटला तें वस्तुतः ऑक्साइड होतें. शुद्ध धातु पेलिगो यानें १८४१ मध्यें वेगळा केला.

योआखिम्सथालचा मान निराळा आहे. १८५० नंतरच्या दशकांत आडोल्फ पाटेरा याच्या कृतीनें तेथें युरेनियमचा पिवळा रंग करण्याचा सरकारी कारखाना निघाला. कृति अशी: दगड कुटून सोड्याबरोबर भाजावयाचा, मग प्रथम ऊन पाण्यानें व नंतर सौम्य गंधकाम्लानें धुवावयाचा. युरेनियम द्रावांत उतरे, व त्याचा रंग कांच आणि चिनी मातीचीं भांडीं रंगविण्यास जाई. उरलेला चोथा पाइनच्या रानांत टाकीत.

१८९८ मध्यें मेरी व प्येर क्यूरी यांस या दगडाचा किरणोत्सर्ग त्यांतील युरेनियमच्या मानानें फार अधिक आढळला. अर्थात् त्यांत दुसरें कांहीं द्रव्य असलें पाहिजे, आणि युरेनियम काढून घेतल्यावर तें चोथ्यांतच राहिलें पाहिजे. ऑस्ट्रियन सरकारनें तो चोथा त्यांस दिला. टनावारी चोथ्यांतून १९०२ पर्यंत रेडियम क्लोराइड हातीं आलें तें अवघें एक दशांश ग्रॅम!

याची किंमत मात्र खाणकऱ्यांनीं दिली. सीमेपलीकडील श्नेबेर्ग येथील खाणकऱ्यांचा जुना छातीचा रोग म्हणजे फुप्फुसांतील घातक अर्बुद होय, हें हर्टिंग व हेसे यांनीं १८७९ मध्यें दाखविलें. त्याचें मूळ रेडॉन वायूंत आहे, हें पुढें उमगलें. असें असतां १९४९ पासून राजकीय कैद्यांस योआखिम्सथालच्या खाणींत सक्तीनें उतरविण्यांत आलें.

दप्तराचे रुमाल सोडतांना सनदा तेवढ्या निवडून हिशेबाचे फाटके बंद रद्दींत घालण्याचा मोह संग्राहकांस होतो. रुपें वेंचून काळा दगड फेकणारे, व रंग काढून चोथा टाकणारे, अडाणी नव्हते. आपणांस काय हवें एवढेंच त्यांस ठाऊक होतें. पुढील अभ्यासकास काय हवें असेल, हें आपणांसहि ठाऊक नाहीं. म्हणून तो फाटका बंदहि जपून ठेवावा, अशी आमची विनंति आहे.