यंत्रांची यादी: अर्पानेट ते रास्पबेरी पाय

नेटवर्कची सुरक्षा म्हटलं की फायरवॉल आठवते, पासवर्ड आठवतात. पण त्याआधीचा प्रश्न फार साधा आहे. आपल्या नेटवर्कवर यंत्रं नेमकी आहेत किती, आणि ती कोणाची?

एकेकाळी याचं उत्तर एका फाइलीत मावत होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या संगणकांची नावं आणि पत्ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नोंदवले जात. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी हे काम पाहत. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं. यादीत नसाल, तर इतरांना तुम्ही नावाने सापडणार नाही. त्यामुळे लोक आपणहून नोंद करत. हे लक्षात ठेवा, पुढे नेमकं हेच बदललं.

यंत्रं वाढत गेली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम मांडली आणि नोंदी ठेवण्याचं काम ज्याच्या त्याच्याकडे गेलं. ते गरजेचंच होतं. पण सगळ्यांची मिळून एक यादी, ही गोष्ट मागे पडली.

मग २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म पसरला. त्यात ६,००० यंत्रं बाधित झाली, असं आजही सांगितलं जातं. हा आकडा कसा निघाला? इंटरनेटवर साधारण ६०,००० यंत्रं असतील, त्यातली दहा टक्के धरू, असा! मोजायला यादीच नव्हती.

आता थेट २०१८ मध्ये येऊ. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चोरी झाल्याचं उघडकीस आलं. सुमारे ५०० मेगाबाइट माहिती गेली होती आणि घुसखोर जवळपास दहा महिने आत होता. वाट कुठली? परवानगीशिवाय जोडलेला एक रास्पबेरी पाय, तळहातावर मावेल एवढा संगणक. २०१९ च्या चौकशी अहवालात एका सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचं म्हणणं आहे: नोंदीची प्रणाली कधीकधी चालत नाही, आणि नंतर नोंद करायची राहून जाते. बघा, हा माणूस कामचुकार होता असं नाही. नोंद न करताही यंत्र चालत होतं, एवढंच.

म्हणजे अचूक यादी फक्त माणसांना विचारून होत नाही. नेटवर्कलाच विचारावं लागतं. डीएचसीपी सर्व्हर सांगतो, पत्ता कोणी मागितला. स्विच सांगतो, कुठल्या पोर्टवर कोण आहे. हे सगळं खरेदीच्या नोंदींशी ताडून बघायचं. आपल्याकडे कार्यालयांत डेडस्टॉक रजिस्टर घेऊन वस्तू प्रत्यक्ष मोजतात ना, तसंच. रजिस्टरात आहे पण नेटवर्कवर नाही, ते यंत्र बंद असेल किंवा हरवलं असेल. नेटवर्कवर आहे पण रजिस्टरात नाही, ते जास्त घातक. कारण त्याचे अपडेट कोणीच पाहत नाही. आणि नुसत्या मॅक पत्त्यावर विसंबू नका, आजचे फोन तो बदलत राहतात. प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार माणसाचं नाव हवंच.

ही मोजणी एकदा करूनही भागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीसा या संस्थेने तिथल्या नागरी सरकारी विभागांना आदेश दिला: नेटवर्कवरची यंत्रं दर सात दिवसांनी आपोआप शोधा. अर्पानेटच्या काळात यंत्र स्वतः यादीकडे येत असे. आता यादीने यंत्राच्या मागे जायचं आहे, आणि तेही दर आठवड्याला.