सेवा भवनातून चालणारा कायदा

केवळ हवामान बदलाला वाहिलेला राष्ट्रीय कायदा भारताने केलेला नाही. 30 जून 2008 रोजी जाहीर झालेला राष्ट्रीय कृती आराखडा हे सरकारी धोरण आहे, संसदेने संमत केलेला कायदा नव्हे. उद्योगांच्या उत्सर्जनाला कायद्याची वेसण बसली ती ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 मधून. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचे कार्यालय दिल्लीत आर. के. पुरमच्या सेवा भवनात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहतीमधल्या याच इमारतीत केंद्रीय वीज प्राधिकरणही बसते.

या कायद्याचे विधेयक 2000 मध्ये लोकसभेत आले. ते संमत झाले तेव्हा कोकणातून निवडून आलेले सुरेश प्रभू ऊर्जामंत्री होते. त्या वेळची चिंता तापमानवाढीची नव्हती. विजेची टंचाई आणि इंधनावरचा खर्च हे प्रश्न समोर होते. 1 मार्च 2002 रोजी कायदा लागू झाला आणि ब्यूरो स्थापन झाला. मात्र पहिली पाच वर्षे कोणालाही दंड करायचा नाही, असे कायद्यातच लिहिले होते. पुढेही एका कसुरीला कमाल दंड दहा हजार रुपयेच होता. मोठ्या कारखान्याला त्याची झळ लागणे शक्य नव्हते.

सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे ऊर्जामंत्री असताना, 2010 च्या दुरुस्तीने हा दंड दहा लाखांवर नेला आणि बचतीच्या प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीला आधार दिला. त्यावरच 2012 मध्ये ‘पॅट’ योजना उभी राहिली. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले 478 उद्योग होते. नेमून दिलेल्या लक्ष्यापेक्षा ज्याने जास्त ऊर्जा वाचवली, त्याने प्रमाणपत्रे विकायची. जो मागे पडला, त्याने ती विकत घ्यायची.

इतर देशांत असे कायदे टिकवणे हाच निवडणुकीचा वाद झाला. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये लागू केलेली कार्बन किंमत जुलै 2014 मध्ये रद्द केली. ब्रिटनचा 2008 चा हवामान बदल कायदा जवळपास एकमताने झाला होता; ऑक्टोबर 2025 मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी सत्ता आल्यास तो रद्द करण्याची घोषणा केली. भारतात मात्र वाजपेयी सरकारचा कायदा मनमोहन सिंग सरकारने कडक केला आणि मोदी सरकारने विस्तारला. वीज आणि पैसा वाचवण्याच्या कामाला विरोध करण्यात कोणत्याच पक्षाचा फायदा नव्हता, हे त्यामागचे मोठे कारण दिसते.

भारतातला वाद निराळा आहे. 2022 च्या दुरुस्तीने याच कायद्यात कार्बन क्रेडिटचा बाजार आणला, तेव्हा हे काम पर्यावरण मंत्रालयाऐवजी ऊर्जा मंत्रालयाकडे का, असा प्रश्न उठला. तो रास्त होता, कारण विजेचा पुरवठा वाढवणाऱ्या खात्यानेच उत्सर्जनावर पहारा ठेवायचा होता. पुढे 21 मार्च 2024 च्या माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या 14 व 21 या अनुच्छेदांत असल्याचे म्हटले आणि याविषयी एकछत्री कायदा नसल्याचीही नोंद घेतली.

अखेर कामाची वाटणी झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांसाठी उत्सर्जनाची लक्ष्ये अधिसूचित केली. क्रेडिटच्या योजनेचे प्रशासन ब्यूरोकडे राहिले. ही लक्ष्ये उत्पादनाच्या दर टनामागे मोजली जातात. त्यामुळे उत्पादन वाढले, तर लक्ष्य गाठूनही एकूण उत्सर्जन वाढू शकते.