मूडबिद्रीची पोथी आणि सोलापूरचे प्रकाशक

ग्रंथसंपादन, प्रकाशन आणि साहित्याचे भाषांतर हे आज पदव्युत्तर अभ्यासाचे विषय आहेत. त्यांच्या पदव्या मिळतात, प्रबंध लिहिले जातात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सोलापुरात यांतले काहीच नव्हते. पण पोथीची नक्कल करण्याचा अधिकार कोणाचा, गळलेला शब्द संपादकाने भरावा का, पोथी पूजेसाठी असते की वाचनासाठी, हे या विद्येतले सर्वांत अवघड प्रश्न तेथील माणसांपुढे प्रत्यक्ष उभे राहिले होते. आजचा धागा त्या माणसांविषयी आणि एका पोथीविषयी.

पोथीचे नाव ‘धवला’. ‘षट्खंडागम’ या दिगंबर जैनांच्या प्राचीन सिद्धान्तग्रंथावर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात लिहिलेली ही टीका. विस्तार सुमारे ७२,००० श्लोकांएवढा. भाषा प्राकृत आणि संस्कृत यांची मिसळ, लिपी हळेकन्नड, लेखन ताडपत्रांवर. अनेक शतके ती मंगळूरजवळच्या मूडबिद्री येथील मंदिरात जतन केलेली होती. यात्रेकरू येत, हात जोडत, दर्शन घेऊन परतत. वाचणारा कोणी उरला नव्हता.

१८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेसाठी तेथे गेले. जीर्ण होत चाललेली ती पाने पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांना पत्र लिहिले. आपल्यापैकी बहुतेकांना हिराचंदांचे चिरंजीव ठाऊक असतात: जहाजे, विमाने, साखर आणि मोटारी यांच्या उद्योगाने गाजलेले वालचंद हिराचंद. वडिलांची ओळख मात्र पुसट झाली आहे. ते व्यापारी होते. शिवाय ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले होते. म्हणजे छापलेल्या शब्दाची ताकद ते जाणून होते.

हिराचंद पुढच्याच वर्षी मूडबिद्रीस गेले. जाताना श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री यांना बरोबर नेले, कारण ती लिपी आणि ती भाषा दोन्ही जाणणारा माणूस दुर्मीळ होता. शास्त्रींनी मंगलाचरण मोठ्याने वाचून दाखवले. ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती पोथी पूजली होती, त्यांच्या कानांवर तिचे शब्द बहुधा त्या दिवशी प्रथमच पडले असतील.

त्यानंतर नक्कल करण्याची बोलणी सुरू झाली आणि ती दहा-बारा वर्षे रेंगाळली. अडचण पैशाची नव्हती, विश्वासाची होती. पोथी बाहेर गेली तर तीर्थाचे महत्त्व जाईल, ही पंचांची भीती. आपण तिला सहज कर्मठपणा म्हणून मोकळे होतो. पण त्या काळात देशोदेशींच्या पोथ्या बोटींतून परदेशी संग्रहालयांकडे जात होत्या, हेही ध्यानात घ्यावे. अखेर हिराचंदांनी शंभर-शंभर रुपयांची वर्गणी करून सुमारे १४,००० रुपये उभे केले आणि १८९६च्या सुमारास काम सुरू झाले. अट एकच: नक्कलही मूडबिद्रीतच राहील. ब्रह्मसूरी शास्त्री थोड्याच दिवसांत वारले. मिरजेचे गजपती शास्त्री यांनी लेखणी पुढे चालवली. धवला, जयधवला आणि महाधवला अशा तिन्ही ग्रंथांच्या नकला पुऱ्या व्हायला १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे!

आता कथेतला अवघड भाग. दिवसा नक्कल करणाऱ्या गजपतींनी घरी आणखी एक प्रत गुप्तपणे तयार केली होती, कन्नड लिपीत. त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा त्यात मोठा हात होता. ती प्रत घेऊन गजपती सोलापुरास हिराचंदांकडे आले. ज्या ग्रंथासाठी हिराचंदांनी आयुष्याची उमेद वेचली, तो त्यांच्या उंबऱ्याशी आला होता. त्यांनी तो घेतला नाही. पंचांना दिलेला शब्द मोडून मिळवलेली प्रत त्यांना नको होती.

गजपती उत्तरेस गेले. सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांनी ती प्रत ठेवून घेतली आणि तिचे नागरीत लिप्यंतर करवले. एकाने कन्नड वाचायचे, दुसऱ्याने नागरीत उतरवायचे. गंमत अशी की उतरवून घेणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक प्रत गुपचूप करून ठेवली! तिच्याच नकला पुढे आरा, कारंजा अशा ठिकाणी पोहोचल्या. पहिल्या गुप्त प्रतीतून दुसरी गुप्त प्रत, अशा वाटेने धवला मंदिराबाहेर आली.

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी याच नकलांवरून संपादन करून १९३९ मध्ये हिंदी भाषांतरासह पहिला खंड छापला. ताडपत्रांवरून कन्नड, कन्नडवरून नागरी, नागरीवरून पुन्हा नागरी: प्रत्येक टप्प्यावर अक्षरे गळलेली. पहिल्या खंडातील ९३व्या सूत्रात अर्थ नीट लागेना. संपादकांनी तळटीप दिली की येथे ‘संजद’ हा शब्द असावा. संजद म्हणजे संयत, पूर्ण संयम पाळणारा साधू. सूत्र मनुष्य-स्त्रीविषयी होते. तो शब्द मान्य केला तर स्त्रीला साधुत्वाची ती पायरी गाठता येते, असा अर्थ निघू शकत होता. आणि स्त्रीमुक्ती हा तर दिगंबर व श्वेतांबर यांच्यातला जुना वाद. पंडितांत रण माजले. तीन अक्षरांसाठी लेखांवर लेख लिहिले गेले.

ग्रंथ छापून बाहेर पडल्यावर मूडबिद्रीचा पवित्राही बदलला आणि पुढील खंडांसाठी मूळ ताडपत्रे ताडून पाहण्याची मुभा मिळाली. ९३वे सूत्र पाहिले गेले. ‘संजद’ तेथे होता. मला वाटते, गुप्त प्रतींवाचून ग्रंथ बाहेर आला नसता हे खरेच. पण त्यातील पाठाला भरवसा आला तो पंचांनी दार उघडल्यावर. हिराचंदांचा नकार त्यामुळे मला भाबडा वाटत नाही.

सोलापुरात तोवर पुढची पिढी कामाला लागली होती. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथा येथे विद्वानांना एकत्र बोलावले, ‘जैन संस्कृती संरक्षक संघ’ स्थापला आणि ३०,००० रुपये दिले. १९४४ मध्ये उरलेली सर्व संपत्ती, सुमारे दोन लाख रुपये, विश्वस्त निधी म्हणून देऊन टाकली. ग्रंथमालेचे संपादक झाले स्वतः हिरालाल जैन आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील अर्धमागधीचे प्राध्यापक आ. ने. उपाध्ये. युद्धकाळात, कागदाची चणचण असताना, १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग निघाला. १९४९ मध्ये आसामच्या कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलक’वरील इंग्रजी ग्रंथ सोलापुरातून प्रसिद्ध झाला. सोलापूरचे पंडित जिनदास पार्श्वनाथ फडकुले यांनी संस्कृत ‘पांडवपुराण’ हिंदीत आणले. त्यांचे चिरंजीव निर्मलकुमार फडकुले पुढे मराठीचे नामवंत प्राध्यापक झाले. त्यांच्या नावाच्या सभागृहात सोलापूरकर आजही व्याख्याने ऐकतात.

आणि ‘धवला’? सोळा खंडांच्या त्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती संपल्यावर तिची सुधारित आवृत्ती काढली ती सोलापूरच्याच संघाने.