मोबाईलवर रेणूंची देवाणघेवाण : रसायनशास्त्रीय ॲप्सची घडण

रेणूची संरचना रेखाटणे, तिच्याविषयीची माहिती शोधणे आणि ती दूरच्या सहकाऱ्याला पाठविणे ही कामे २००० च्या दशकाअखेरपर्यंत प्रामुख्याने टेबलावरील संगणकावरच होत असत. २००७ मध्ये आयफोन बाजारात आला, जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये आयपॅडची विक्री सुरू झाली. त्यानंतर प्रयोगशाळेतील ओट्याजवळ, वर्गात किंवा प्रवासातही ही कामे करता यावीत, यासाठी रसायनशास्त्राची स्वतंत्र ॲप्स तयार होऊ लागली. त्यांपैकी काही ॲप्स काळाच्या ओघात मागे पडली. मात्र ज्यांतील माहिती सर्वमान्य स्वरूपात साठविलेली होती, ती माहिती पुढेही वापरता आली. या क्षेत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा मानता येईल.

रेणू संगणकाला कसा समजतो?

कागदावरील षट्कोन रसायनशास्त्रज्ञाला सहज वाचता येतो. संगणकाला मात्र अणू आणि बंध यांचा तक्ता द्यावा लागतो. ‘मोलफाइल’ हे अशा तक्त्याचे जुने आणि सर्वत्र चालणारे स्वरूप आहे. १९८८ मध्ये डेव्हिड वाइनिंगर यांनी ‘स्माइल्स’ या पद्धतीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत रेणू एका ओळीत लिहिता येतो. उदाहरणार्थ, इथेनॉलसाठी केवळ तीन अक्षरे पुरतात : दोन कार्बनची आणि एक ऑक्सिजनचे. हायड्रोजन गृहीत धरला जातो. यानंतर शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजेच आययूपॅकने, ‘इंची’ हे प्रमाणित ओळखचिन्ह विकसित केले. ‘इंची-की’ हे त्याचे २७ चिन्हांचे आखूड रूप इंटरनेटवरील शोधासाठी सोयीचे ठरते.

या नोंदींमधील अचूकतेला विशेष महत्त्व आहे. कार्व्होन या संयुगाची दोन रूपे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. त्यांपैकी एकाला पुदिन्याच्या एका जातीचा, तर दुसऱ्याला शहाजिऱ्यासारख्या कॅरवे या मसाल्याचा वास येतो. रेखाटनात पाचरीच्या आकाराचा एक बंध उलटा पडला, तरी नोंद दुसऱ्याच रेणूची होते. अशी चूक सामायिक संग्रहात गेली, तर ती प्रत्येक सहकाऱ्याकडे पोहोचते.

छोट्या पडद्याची मर्यादा

माउसच्या साहाय्याने एकेक बंध ओढून संरचना काढण्याची रीत बोटाने वापरायच्या पडद्यावर गैरसोयीची ठरते. बोटाखाली अणूच झाकला जातो. ॲलेक्स क्लार्क यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर वेगळा मार्ग सुचविला. वापरकर्त्याने अणू किंवा बंध निवडावा आणि ‘येथे वलय जोडा’, ‘येथे दुहेरी बंध करा’ अशी मोजकी आज्ञा द्यावी. कोन आणि अंतरे सॉफ्टवेअरने ठरवावीत, अशी ही पद्धत आहे. कॅनडातील माँट्रियल येथून काम करणाऱ्या क्लार्क यांनी ‘मोबाईल मॉलिक्युलर डेटाशीट’ हे ॲप ब्लॅकबेरी आणि आयफोन या दोन्हींसाठी तयार केले. त्यात रेणू आणि त्यांचे गुणधर्म तक्त्यात साठविता येत, तसेच ते ई-मेलने पाठविता येत.

मोठ्या संग्रहातील शोधाचे काम मात्र सर्व्हरकडेच सोपविले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘पबकेम’ या संग्रहात दहा कोटींहून अधिक संयुगांच्या नोंदी आहेत. २००७ मध्ये सुरू झालेला ‘केमस्पायडर’ हा संग्रह २००९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने घेतला. त्यातील चुका दुरुस्त करण्याच्या कामात वापरकर्त्यांनाही सहभागी करून घेण्यात आले. मोबाईलवरून प्रश्न पाठवायचा आणि अशा संग्रहाकडून उत्तर मिळवायचे, अशी ही विभागणी आहे.

क्षयरोग संशोधनासाठी उपयोग

या प्रयत्नांचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘टीबी मोबाईल’ हे मोफत ॲप. शॉन एकिन्स, ॲलेक्स क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याविषयीचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. क्षयरोगाच्या जिवाणूवर तपासल्या गेलेल्या ७०० हून अधिक रेणूंची संरचना आणि ते जिवाणूतील कोणत्या घटकावर परिणाम करतात, ही माहिती त्यात देण्यात आली होती. पूर्वी कोणते रेणू तपासले गेले आहेत हे समजल्याने तेच काम पुन्हा करण्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचू शकतो. २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत नवा रेणू कोणत्या घटकावर परिणाम करू शकेल, याचा अंदाज बांधण्याची सोय जोडण्यात आली.

भारताच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा उपक्रम क्षयरोगावरील औषधांच्या शोधासाठीच सुरू केला होता. विद्यार्थी आणि संशोधकांनी इंटरनेटवरून एकत्र काम करावे, अशी त्यामागील कल्पना होती.

ॲपचे आयुष्य मर्यादित

एकिन्स, क्लार्क आणि अँटनी विल्यम्स यांचे ‘ओपन ड्रग डिस्कव्हरी टीम्स’ हे ॲप २०१२ मध्ये आले. मलेरिया, क्षयरोग, तसेच दुर्मीळ आजारांविषयीचे ट्विटरवरील संदेश ते विषयवार एकत्र करीत असे. उपयुक्त नोंदीला पाठिंबा देण्याची आणि निरुपयोगी नोंद नाकारण्याची सोय वाचकांना होती. परंतु अशी रचना दुसऱ्याच्या सेवेवर अवलंबून असते. ट्विटरने इतर सॉफ्टवेअरना माहिती पुरविण्याचे नियम वेळोवेळी बदलले आणि २०२३ मध्ये मोफत सेवा मोठ्या प्रमाणात बंद केली.

फोनची कार्यप्रणालीही बदलत असते. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ मध्ये ३२ बिट पद्धतीची जुनी ॲप्स चालेनाशी झाली. ज्या विकासकांकडे ती नव्याने लिहिण्यासाठी वेळ किंवा निधी नव्हता, त्यांची ॲप्स वापराबाहेर गेली.

गोपनीयता आणि दक्षता

शोधासाठी सर्व्हरकडे पाठविलेली संरचना म्हणजे अप्रकाशित संशोधन असू शकते. नवा रेणू अर्जापूर्वीच सार्वजनिक झाला, तर त्यावर पेटंट मिळविणे अवघड होते. त्यामुळे कोणती माहिती फोनमध्येच राहते आणि कोणती बाहेर जाते, हे ॲपने स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते.

संशोधन गटाने ॲप निवडताना दोन गोष्टी तपासणे हिताचे आहे. सर्व नोंदी मोलफाइल किंवा स्माइल्ससारख्या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात का, आणि बाहेर काढलेली संरचना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच उघडते का? ही दक्षता घेतली, तर ॲप बंद पडल्यावरही अनेक वर्षांच्या प्रयोगांची माहिती पुढील संशोधकांच्या हाती राहते.